काकींच्या कुड्या आणि इंग्रजी अक्षरे

आपल्या व्यापारी घरांतून सोन्याविषयी बोलताना कोणी अडखळत नाही. भाव, घट, मजुरी, टंच हे शब्द लहानथोरांच्या कानांवर रोज पडतात. हिऱ्याची गोष्ट निघाली की मात्र तेच घर एकदम परावलंबी होते. ‘पांढरा आहे’, ‘पाणीदार आहे’, ‘ओळखीच्यांकडून घेतला आहे’ एवढ्यावर चर्चा संपते. दागिन्याबरोबर आलेल्या कागदावर ‘जी’, ‘व्हीएस-२’ अशी अक्षरे असतात. ती कोणी वाचत नाही, कागद मात्र दागिन्याइतकाच जपून ठेवला जातो. हिऱ्याच्या व्यापारात आपल्या समाजाचे केवढे मोठे नाव! पण पालनपूर-सुरतेच्या घराण्यांबाहेरच्या, धान्य-कापडाच्या धंद्यातल्या आपल्यासारख्यांना ही अक्षरे परकीच राहिली आहेत.

बँकेतल्या नोकरीने या बाबतीत माझ्या ज्ञानात काही भर घातली, असे म्हणता येणार नाही. दागिने तारण ठेवून कर्ज देताना बँकेचा मूल्यांकक एकूण वजन लिहितो, त्यातून खड्यांचे वजन वजा करतो आणि उरलेल्या निव्वळ सोन्यावर रक्कम ठरते. बँकेच्या दृष्टीने हिरा ही एक वजाबाकी असते. सोन्याला हॉलमार्क असतो. २०२१ च्या जूनपासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचाही झाला. पण ती खूण सोन्याच्या शुद्धतेची. त्याच दागिन्यातल्या हिऱ्याविषयी ती काहीच सांगत नाही, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते.

हा विषय मला वयाच्या पासष्टाव्या वर्षी समजून घ्यावा लागला, तो कशेळ्याच्या काकींमुळे.

कशेळे हे कर्जत तालुक्यातले चौफुलीचे गाव. कर्जतहून मुरबाडकडे जाणारा रस्ता, नेरळचा रस्ता आणि खांडसमार्गे भीमाशंकरच्या पायथ्याशी नेणारा रस्ता यांची इथे गाठ पडते. त्यामुळे डोंगराकडच्या वाड्यांचा बाजारहाट पिढ्यान्‌पिढ्या इथेच होत आला. याच पेठेत आमच्या काकांचे भाताचे व किराण्याचे दुकान. घरात मारवाडी आणि गल्ल्यावर मराठी, असा आमचा तिथला रिवाज. काका भाताचे मोठे जाणकार. पोत्यातून मूठभर दाणे काढून ते दाराशी उजेडात नेत, तळहातावर पसरत, एक दाणा दाताखाली फोडून त्याच्या आवाजावरून ओलावा सांगत. सरकारी खरेदीत भाताला १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. त्यासाठी यंत्र लावतात. काकांचा अंदाज यंत्राच्या फार दूर नसे. जया कोणते, रत्ना कोणते, त्यात भेसळ किती, तांबडा दाणा किती, हे त्यांची नजर क्षणात टिपत असे. ही नजर पुढे या कथेत येणार आहे, म्हणून इतके लिहिले.

काका गेले, त्याला बरीच वर्षे झाली. बयाऐंशी वर्षांच्या काकींनी गेल्या वर्षी ठरवले की आपल्या हयातीतच दोन्ही मुलींना दागिने देऊन मोकळे व्हावे. देण्याजोग्या वस्तू दोनच होत्या: सोन्याच्या पाटल्यांची जोडी आणि १९६१ साली लग्नात आलेल्या हिऱ्यांच्या कुड्या. प्रत्येक कुडीत मधोमध एक मोठा हिरा आणि भोवती सहा लहान, असे दोन्ही मिळून चौदा. (१९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटपेक्षा चोख सोन्याचा नवा दागिना घडवण्यास बंदी झाली. कुड्या त्याआधीच्या, त्यामुळे सोने चांगल्या कसाचे, हे काकी आजही अभिमानाने सांगतात.) एकीने कुड्या घ्याव्यात, दुसरीने पाटल्या, आणि किमतीतला फरक रोखीने चुकवावा, असा साधा हिशेब.

हिशेब साधा राहिला नाही. थोरलीने कुड्या जवळच्या शहरातल्या एका सराफाला दाखवल्या. त्याने संध्याकाळी दुकानातल्या दिव्याखाली पाहून ‘पिवळा माल, डागी’ असा निर्वाळा दिला. धाकटीने सासरच्या ओळखीने मुंबईत दाखवल्या. तिथे ‘एकदम पांढरा, व्हीव्हीएस’ असे ऐकायला मिळाले. दोघांच्या आकड्यांत दुपटीहून अधिक अंतर. पाटल्या थोरलीकडे जाणार आणि कुड्या धाकटीकडे, हे मनातून सर्वांनी धरलेलेच होते. त्यामुळे धाकटीला वाटले की ताई मुद्दाम फुगवून घेतलेल्या आकड्यावर संशय घेते आहे, आणि थोरलीला वाटले की इतका भारी ऐवज बहिणीकडे चालला असताना आपण गप्प का बसावे. संवत्सरीला दोघींनी एकमेकींकडे क्षमायाचना केली, पण ती मोबाइलवर पुढे ढकललेल्या चित्राने. काकींच्या ते लक्षात आले. ‘‘तू बँकेतला माणूस आहेस, खरे काय ते काढ,’’ असे त्यांनी मला फोनवर सांगितले.

माझे एक स्नेही हिऱ्यांचे दलाल आहेत. ऑपेरा हाउसच्या फुटपाथवर त्यांची उमेदवारी झाली आणि २०१० साली वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स सुरू झाल्यावर ते तिकडे गेले. त्यांनी मला एक संपूर्ण सकाळ दिली. सकाळच का, असे विचारता ते म्हणाले, ‘‘रंग पाहायचा तर उत्तरेकडून येणाऱ्या उजेडात. दिवस कलला की उजेडच पिवळा होतो, मग हिऱ्याचे काय सांगणार?’’ थोरलीच्या सराफाची संध्याकाळ तिथेच निकालात निघाली.

त्यांनी एक कोरे पांढरे कार्ड मधोमध दुमडले आणि त्या घडीत एक सुटा हिरा पालथा ठेवला. आपण हिरा नेहमी समोरून पाहतो. समोरून त्याच्या पैलूंतून प्रकाश इतका उसळतो की अंगचा रंग झाकून जातो. सुरतेचे कारागीर हिऱ्याच्या वरच्या भागाला मथाळा आणि खालच्या निमुळत्या भागाला तळिया म्हणतात. रंग पाहायचा तो पालथ्या हिऱ्याच्या तळियातून, आडव्या नजरेने. स्नेह्यांनी त्यावर हलकेच श्वासाची वाफ सोडली. चमक क्षणभर मालवली आणि आतला खरा रंग दिसला. मला तो स्वच्छ पांढरा वाटला. मग त्यांनी चिमट्याने त्याच्या शेजारी दुसरा ठेवला, आणि पहिला एकदम फिकट लिंबाच्या सालीसारखा दिसू लागला. तिसरा ठेवला तेव्हा दुसऱ्याचीही तीच गत झाली.

रंगाची सारी प्रतवारी या शेजारावर उभी आहे. अमेरिकेत १९३१ साली स्थापन झालेल्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका या संस्थेने, म्हणजे बाजारातल्या जीआयएने, १९५० च्या दशकात ‘डी’ पासून ‘झेड’ पर्यंतची अक्षरमाला रूढ केली. रिचर्ड लिडिकोट हे तिचे प्रमुख शिल्पकार. ‘ए’ पासून आरंभ का नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. त्यापूर्वी प्रत्येक व्यापारी आपापल्या मर्जीने ए, डबल ए, एक नंबर, दोन नंबर असे शिक्के मारीत असे. ‘केप’, ‘वेसल्टन’ असे खाणींच्या मुलखावरून आलेले शब्दही चालत. त्या सगळ्या गोंधळाचा वास नव्या पद्धतीला लागू नये म्हणून कोणी न वापरलेल्या ‘डी’ पासून सुरुवात झाली. डी, ई, एफ हे रंगहीन. जी ते जे हे जवळजवळ रंगहीन. के पासून एम पर्यंत फिकट झाक. आणि पुढे झेडपर्यंत पिवळेपणा किंवा तपकिरीपणा वाढत जातो. झेडच्याही पलीकडे रंग गडद झाला की तो दोष न राहता गुण होतो आणि किंमत पुन्हा चढू लागते. पिवळ्या झाकेचे कारण बहुधा नायट्रोजन: कार्बनच्या अफाट गर्दीत शिरलेले त्याचे मोजके अणू निळा प्रकाश शोषून घेतात.

प्रयोगशाळेत प्रत्येक अक्षरासाठी ठरवून ठेवलेले नमुन्याचे हिरे असतात. ठराविक प्रकाशात, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, आलेला हिरा त्यांच्या रांगेत सरकवून पाहतात आणि तो ज्या दोघांच्या मध्ये बसेल त्यावरून अक्षर ठरते. परीक्षक एकाहून अधिक असतात आणि हिरा कोणाचा हे त्यांना सांगत नाहीत. जातिवंत धान्यबाजारात याहून वेगळे काय घडते? मंजूर नमुना शेजारी ठेवूनच नवा माल पास होतो. फरक इतकाच की तांदळाचा नमुना सहा महिन्यांत किडतो.

स्वच्छतेची परीक्षा निराळी. तिथे दहा पट मोठे दाखवणारे भिंग लागते. बाजारात त्याला आयग्लास म्हणतात. दहापटच, वीसपट नव्हे, हा ठरलेला संकेत. कारण भिंग वाढवत गेले तर बहुतेक हिऱ्यांत काही ना काही सापडेलच. अकरा पायऱ्या आहेत. पूर्ण निर्दोष तो एफएल, आतून निर्दोष तो आयएफ. मग व्हीव्हीएस, व्हीएस आणि एसआय यांच्या प्रत्येकी दोन, आणि शेवटी आयच्या तीन. व्हीव्हीएसमधला दोष मुरलेल्या परीक्षकालाही भिंगातून मुश्किलीने सापडतो. एसआयमधला भिंगाखाली सहज दिसतो, पण नुसत्या डोळ्याला सहसा दिसत नाही. आय म्हटले की डोळ्यालाही जाणवू लागतो. दोष म्हणजे काय, तर आत अडकलेला एखादा कण, पिसासारखी चीर, धुरकट ढग, टाचणीच्या टोकाएवढे टिंब. त्यांचा आकार, संख्या, जागा, स्वरूप आणि ते किती उठून दिसतात, हे सारे मिळून पायरी ठरते. तोच कण टेबलाच्या मधोमध असेल तर हिरा खाली उतरतो. कडेला कंदोऱ्याजवळ असेल तर कोंदणाचा काटा त्याला झाकून टाकतो.

हे सर्व ऐकताना मला ठक्कुर फेरू आठवले. या श्रीमाल श्रावकाने अलाउद्दीन खिलजीच्या कारकिर्दीत दिल्लीच्या खजिन्यात नोकरी केली, म्हणजे एका परीने आमच्याच खात्यातले अधिकारी! १३१५ साली त्यांनी प्राकृतात ‘रयणपरिक्खा’ लिहिली, आणि पुढे टाकसाळीच्या नाण्यांवर ‘द्रव्यपरीक्षा’. रत्नशास्त्राच्या आपल्या परंपरेत हिऱ्याचे दोष मोजले आहेत: मल, बिंदू, रेखा, यव आणि काकपद. भिंगाखाली दिसणारी चीर पाहिल्यावर ‘कावळ्याचा पाय’ हा शब्द किती नेमका आहे, ते मला पटले. त्याच परंपरेत उत्तम हिरा पाण्यावर तरंगतो असेही म्हटले आहे. ते मात्र कोणी करून पाहू नये. हिरा पाण्याच्या साडेतीन पट जड असतो. तरंगला तर तो हिरा नाही, इतकेच सिद्ध होईल.

आता मुख्य अडचण आली. स्नेह्यांनी कुड्या हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिल्या आणि सांगितले की कोंदणातल्या हिऱ्याचे अक्षर कोणीही छातीठोकपणे सांगू नये. पिवळ्या सोन्याची छाया हिऱ्यात उतरते. पालथा ठेवून आडवे पाहता येत नाही. कडेचे दोष काट्यांआड जातात. जीआयए तर सुट्याच हिऱ्यांना प्रमाणपत्र देते. म्हणजे ‘पिवळा डागी’ आणि ‘पांढरा व्हीव्हीएस’ ही दोन्ही मते अंदाजाची. खरे जाणायचे तर कुड्या मोडायला हव्यात. लहान बारा खड्यांना स्वतंत्र प्रमाणपत्र मिळण्यासारखे नव्हते, ते पुडीतल्या मालासारखे एकत्रच पाहायचे. पण मधले दोन, प्रत्येकी साठ सेंटच्या आसपासचे, काढावे लागणार होते. साठ वर्षांचे काटे उचलताना कंदोऱ्याची कपची उडण्याचा धोकाही होता.

काकींना मी हे कशेळ्यात समक्ष जाऊन सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘मोडून किंमत काढायची आणि पुन्हा जोडायची. मुलींचेही असेच होणार असेल तर काढ.’’

जुन्या कामाची सवय असलेला एक कारागीर शोधला. हिरे काढण्यापूर्वी मी दोन कागदी पाकिटांवर ‘उजवी’ व ‘डावी’ असे लिहून सही केली आणि दोन्ही मुलींच्याही सह्या घेतल्या. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे ठेवणाऱ्या पेशाची ही सवय. हिरे सुखरूप निघाले. प्रयोगशाळेचे अहवाल आल्यावर प्रथम मी पहिली ओळ वाचली: नैसर्गिक. वाचकांनीही आधी तीच ओळ पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. आज यंत्रात तयार झालेला हिरा रंगाने आणि स्वच्छतेने खाणीतल्या हिऱ्याच्या तोडीचा, पुष्कळदा वरचढ असतो. किंमत मात्र कितीतरी कमी. आजवर दोघांनाही एकच अक्षरमाला लागत होती. २०२५ साली जीआयएने प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांसाठी ती बंद करून ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’ अशा दोनच वर्गांचा मार्ग धरला.

मग अक्षरे. डाव्या कुडीतला हिरा: रंग जे, स्वच्छता व्हीएस-२. उजव्या कुडीतला: रंग एल, स्वच्छता एसआय-१.

दोन्ही बहिणी टेबलाशी बसून ते कागद पुनःपुन्हा पाहत होत्या. एकाच जोडीतले हिरे रंगात दोन अक्षरांनी वेगळे, आणि साठ वर्षांत ते कोणालाही कळले नव्हते. कारण उघड होते. मधे चेहरा होता. हिरा हिऱ्याशेजारी ठेवल्याशिवाय इतका बारीक फरक कळत नाही, आणि कुड्यांची जोडी एकमेकींशेजारी फक्त डबीत असते. दलाल स्नेह्यांचे म्हणणे असे की ज्या सोनाराने हे बसवले त्याला फरक नक्की ठाऊक असणार. मिळाले त्यातून त्याने आकार आणि चमक जुळवली. मला यात त्याची लबाडी दिसत नाही. अक्षरांचा काळ आपल्याकडे यायचा होता.

काकींना फोनवर सांगितले, तेव्हा त्या आधी हसल्या. म्हणाल्या, ‘‘म्हणजे इतकी वर्षे माझा उजवा कान पिवळा होता, आणि पसाभर तांदळातून एक तांबडा दाणा वेचणाऱ्या तुझ्या काकांनी मला कधी सांगितले नाही.’’ थोड्या वेळाने त्यांनी विचारले, ‘‘त्यांना दिसले असेल का रे?’’ याचे उत्तर कोणत्याही अहवालात नव्हते.

किमतीचे आकडे घरचे आहेत, ते इथे देत नाही. पण पद्धत सांगतो. प्रयोगशाळेच्या अहवालावर किंमत नसतेच. कागदाची मागची बाजू वाचण्याची मला खोड आहे. तिथे हा अहवाल म्हणजे मूल्यांकन किंवा हमी नव्हे, असे स्पष्ट छापलेले असते. किंमत बाजार लावतो. १९७८ पासून निघणारा रॅपापोर्टचा भावतक्ता समोर धरून ‘रॅपच्या खाली इतके टक्के’ अशी बोली चालते. त्या तक्त्यात वजनाच्या, रंगाच्या, स्वच्छतेच्या पायऱ्या आहेत आणि भाव पायरीवर उडी घेतो. पाऊण नव्हे, नव्व्याण्णव सेंटचा हिरा आणि पूर्ण एक कॅरटचा हिरा डोळ्याला जुळे भाऊ. भावात मात्र मोठी तफावत. जी आणि एच बोटात घातल्यावर घरातल्या कोणाला वेगळे दिसणार नाहीत. विकत घेताना ही पायरी आपल्याकडून मोजून घेतली जाते, आणि विकायला गेलो की जुना घाट, जुने पैलू, मागणी कमी अशा कारणांनी आणखी कपात होते. सोने मोडताना जी खात्री असते ती इथे नाही, हे मनाशी धरूनच हिरा घ्यावा.

दोन्ही हिरे, लहान खडे आणि कुड्यांचे सोने धरून जो आकडा आला तो दोन सराफांच्या मधे, पण थोरलीच्या सराफाच्या अधिक जवळ होता. आणि पाटल्या? त्या कोणी वजन करून पाहिल्याच नव्हत्या. सोन्याच्या चालू भावाने त्या कुड्यांच्या दुपटीच्या घरात गेल्या. ज्या ऐवजावरून अबोला धरला होता तो हलका निघाला, आणि ज्याकडे कोणी ढुंकून पाहिले नव्हते तो जड. ठरल्याप्रमाणे थोरलीने पाटल्या घेतल्या आणि फरकाची निम्मी रक्कम धाकटीला धनादेशाने दिली. त्या दिवशी दोघी काकींच्या स्वयंपाकघरात बराच वेळ बोलत बसल्या होत्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही.

धाकटीच्या मनात होते की आता मोडल्याच आहेत तर एल बदलून तिथे जे बसवावा, जोडी खरी जुळेल. कारागीरही तयार होता. काकींनी नको म्हटले. हिरे पूर्वीच्याच जागी बसले, उजवीत उजवा, डावीत डावा; ओळख राहावी म्हणून उजव्या कुडीच्या फिरकीवर कारागिराने आतून एक बारीक रेघ ओढली आहे. अहवालांच्या प्रती दोन्ही बहिणींकडे आहेत. मूळ कागद काकींनी कशेळ्याच्या दुकानात, भाताच्या पावत्यांच्या फायलीत लावून ठेवले आहेत.